कच्ची वही आणि पक्की वही : शालेय मराठी लेखनातील पुनर्लेखनाची चिकित्सा

प्रस्तावना

मराठी माध्यमाच्या शाळेत शिकणाऱ्या विद्यार्थ्याच्या दप्तरात सामान्यतः दोन प्रकारच्या वह्या आढळतात. एक कच्ची व दुसरी पक्की. कच्च्या वहीत गणिताची आकडेमोड होते, फळ्यावरील मजकूर घाईने उतरवून घेतला जातो, चुकले तर खोडले जाते. पक्की वही तपासणीसाठी असते. तिला कव्हर असते, समास आखलेला असतो आणि तीत खाडाखोड चालत नाही. निबंध मात्र थेट पक्क्या वहीत लिहिला जातो. गणिताला कच्चे काम असते, निबंधाला नसते. ही बाब वरवर किरकोळ वाटली तरी मातृभाषेच्या अध्यापनातील एक मूलभूत उणीव तीत दडलेली आहे. मुलाने आधी मनातले कसेबसे कागदावर उतरवावे, ते पुन्हा वाचावे, कोणाला तरी वाचून दाखवावे, हलवावे, तोडावे, वाढवावे आणि मग पक्के करावे, या क्रियेला आपल्या शालेय व्यवहारात स्वतंत्र स्थान नाही.

प्रस्तुत लेखात या उणिवेची चिकित्सा लातूर जिल्ह्यातील, विशेषतः कर्नाटकाच्या सीमेला लागून असलेल्या देवणी परिसराच्या संदर्भात केली आहे. या परिसरातील मुलांच्या घरी मराठवाडी बोली, कन्नड, दखनी, गोरमाटी अशा अनेक भाषा नांदतात आणि शाळेत एकच प्रमाण मराठी अपेक्षित असते. म्हणून पुनर्लेखनाचा प्रश्न येथे केवळ अध्यापनतंत्राचा राहत नाही. मुलाचे पहिले लेखन दुरुस्त करताना नेमके काय दुरुस्त होते आणि काय पुसले जाते, हा त्यातील खरा प्रश्न आहे.

‘शुद्धलेखन’ या शब्दाची व्याप्ती

मराठी शाळेत ‘शुद्धलेखन’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. व्याकरणाच्या पुस्तकात तो ऱ्हस्व-दीर्घ, अनुस्वार इत्यादींच्या नियमांचा वाचक आहे. प्राथमिक वर्गात मात्र ‘रोज दहा ओळी शुद्धलेखन लिहून आणा’ याचा अर्थ पुस्तकातील उतारा वळणदार अक्षरात उतरवून आणा असा होतो. दोन्ही अर्थांत मजकूर दुसऱ्याचा आहे. मुलाकडे फक्त हात आणि डोळे यांचे काम उरते.

या दृष्टीची मुळे जुनी आहेत. समर्थ रामदासांनी ‘दासबोधा’च्या एकोणिसाव्या दशकातील पहिला समास लेखनक्रियेच्या निरूपणाला वाहिला आहे. त्यात अक्षराचे वळण, ओळींतील अंतर, समास, शाई, कागद यांचा अत्यंत बारकाईने विचार आहे. मुद्रणपूर्व काळात ग्रंथ टिकवायचा तर नक्कल चोख असणे आवश्यक होते, त्यामुळे तो विचार त्या काळाला साजेसाच होता. पैठणच्या एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, ‘ज्ञानेश्वरी’ची शुद्ध प्रत सिद्ध केली. पाठ तपासून शुद्ध करण्याची ही मराठवाड्याच्याच भूमीतील थोर परंपरा होय. परंतु ज्ञानेश्वरांचा ग्रंथ शुद्ध करणे आणि चौथीतील मुलीने आपल्याच मनातले नीट लावून घेणे या दोन भिन्न क्रिया आहेत. आपल्या शाळांनी पहिलीचा आदर्श घेतला आणि तो दुसरीलाही लागू केला.

दप्तरी व्यवहारात मात्र वेगळी रीत होती. तेथे कारकून आधी खर्डा करी, वरिष्ठ तो पाहत आणि मग पक्के पत्र रवाना होई. ‘खर्डा’, ‘मसुदा’ हे शब्द मराठीत आजही जिवंत आहेत, पण ते कचेरीत, वकिलाकडे आणि विधिमंडळात. शाळेच्या दारापर्यंत ते आलेच नाहीत.

स्वातंत्र्योत्तर काळात मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक चौदा नियम शासनाने १९६२ मध्ये स्वीकारले व १९७२ मध्ये त्यांत चार नियमांची भर पडली. या नियमांची आवश्यकता येथे नाकारावयाची नाही. छापील व्यवहाराला एकवाक्यता लागते. अडचण अशी की, शिक्षकाच्या हाती तपासणीचे एवढे एकच निश्चित साधन आले. ‘आणी’ दीर्घ लिहिला की लाल खूण करता येते. वाक्य पोकळ आहे, हे दाखविण्यासाठी कोणतीही खूण ठरलेली नाही.

या प्रवृत्तीचा एक ठळक ऐतिहासिक दाखला उपलब्ध आहे. १८७४ मध्ये सुरू झालेल्या ‘निबंधमाले’तून विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी जोतीराव फुले यांच्या लेखनाचा समाचार घेताना त्यांच्या भाषेच्या अशुद्धतेवर मोठा भर दिला. फुल्यांनी मांडलेल्या प्रश्नांना त्यामुळे उत्तर मिळाले नाही, पण ते प्रश्न बाजूस सारण्याची एक सोय झाली. लाल शाईचा असा वापर केवळ शाळेतच होतो असे नाही.

मार्गदर्शिकेतील गाय आणि लातूर पॅटर्न

मराठी निबंधाचा सर्वांत परिचित विषय ‘गाय’ हा होय. गाय पाळीव व उपयुक्त प्राणी आहे, तिला चार पाय, दोन शिंगे व एक शेपूट असते, या वाक्यांशी ज्याचा परिचय नाही असा मराठी साक्षर विरळा. यात विपरीत असे की, देवणी हे गावच मुळी गाईच्या नावाने ओळखले जाते. देवणी गोवंशाचे वानेरा, बालंक्या आणि शेवरा असे प्रकार येथील शेतकरी रंगावरून सांगतो. पांढऱ्या अंगाचा पण काळ्या तोंडाचा तो वानेरा, अंगावर काळे ठिपके विखुरलेला तो शेवरा, हे येथील दहा वर्षांच्या मुलालाही ठाऊक असते. तोच मुलगा वर्गात निबंध लिहू लागला की त्याला केवळ चार पाय आणि दोन शिंगे दिसतात. जे त्याला ठाऊक आहे ते निबंधात यायचे नसते आणि जे निबंधात यायचे असते ते मार्गदर्शिकेत छापलेले असते, हे तो फार लवकर शिकतो.

लातूर जिल्ह्याच्या संदर्भात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. १९९० च्या दशकात ‘लातूर पॅटर्न’ राज्यभर गाजला. गुणवत्ता यादीत लातूरच्या विद्यार्थ्यांची नावे झळकू लागली आणि राज्याच्या कानाकोपऱ्यांतून पालक मुलांना लातूरला पाठवू लागले. पुढे मंडळाने गुणवत्ता यादी बंद केली आणि पॅटर्नचा रोख वैद्यकीय व अभियांत्रिकी प्रवेशपरीक्षांकडे वळला. या पद्धतीचे मर्म सरावात होते. प्रश्नपत्रिकांमागून प्रश्नपत्रिका सोडवून घ्यावयाच्या, त्या काटेकोर तपासावयाच्या, विद्यार्थ्याला त्याची चूक दाखवावयाची आणि तेच उत्तर पुन्हा लिहून घ्यावयाचे.

न्यायाने पाहिल्यास लातूर पॅटर्नने पुनर्लेखनाची ताकद ओळखली होती, असे म्हणावे लागेल. एकदा लिहून भागत नाही, तपासलेला कागद मुलाच्या हाती परत यावा लागतो आणि त्याने तो पुन्हा लिहावा लागतो, ही गोष्ट या जिल्ह्यातील प्राध्यापकांनी प्रत्यक्षात आणली. महानगरांच्या तुलनेत साधने तोकडी असलेल्या मराठवाड्यातील मुलांना त्यामुळे स्पर्धेत उभे राहता आले. या यशाची हेटाळणी करणे शहरी समीक्षकांना सोपे गेले, पण त्यामागील कष्ट त्यांनी क्वचितच पाहिले. मात्र हे पुनर्लेखन एका ठरलेल्या आदर्श उत्तराच्या दिशेने जाते. प्रत्येक खेपेस विद्यार्थी त्या उत्तराच्या अधिक जवळ जातो. भौतिकशास्त्राच्या उत्तराला ही दिशा योग्यच आहे. ‘माझ्या जीवनातील अविस्मरणीय प्रसंग’ या विषयालाही तीच दिशा लागू झाली, तेव्हा शेकडो विद्यार्थ्यांच्या जीवनात एकच प्रसंग घडू लागला.

मुक्ता साळवे यांचा निबंध

मराठीतील विद्यार्थिलेखनाची परंपरा मात्र याहून निराळ्या ठिकाणी सुरू झाली होती. फुले दांपत्याच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मांग समाजातील विद्यार्थिनीने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध ‘ज्ञानोदया’त १८५५ मध्ये फेब्रुवारी व मार्चच्या अंकांत दोन भागांत प्रसिद्ध झाला. या निबंधाची चर्चा प्रायः सामाजिक दस्तऐवज म्हणून होते. अध्यापनशास्त्राच्या अंगाने त्याकडे फारसे पाहिले गेलेले नाही.

त्या दृष्टीने पाहता दोन बाबी जाणवतात. पहिली अशी की, लेखिकेजवळ सांगण्यासारखे काहीतरी आहे आणि ते तिच्याखेरीज दुसऱ्या कोणाला सांगता येणार नाही. इमारतीच्या पायात माणसे पुरण्याची क्रूर रीत, बाळंतपणात डोक्यावर छप्पर नसलेल्या स्त्रियांची अवस्था, धर्मग्रंथावरील मक्तेदारीतून निघणारा तर्क, हे तपशील कोणत्याही नमुना-निबंधातून उचललेले नाहीत. दुसरी बाब अशी की, तिला वाचक आहे. निबंध नियतकालिकात छापला जाणार आहे आणि वाचणाऱ्याला काहीतरी पटवून द्यावयाचे आहे. या दोन अटी पूर्ण झाल्या म्हणजे युक्तिवादाची मांडणी आपोआप साधते असे नव्हे. पण मांडणी सुधारण्याला कारण मिळते. गाईच्या चार पायांविषयी लिहिणाऱ्या मुलाला आपले वाक्य पुन्हा वाचण्याचे कारणच नसते.

साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात १९२४ ते १९३० या काळात शिक्षक असताना वसतिगृहातील मुलांसाठी ‘छात्रालय’ हे हस्तलिखित दैनिक काढीत. त्यामागील जिव्हाळा निर्विवाद आहे. तथापि त्यात लिहिणारे मुख्यतः गुरुजी आणि वाचणारी मुले, असा क्रम होता. पुढे महाराष्ट्रातील असंख्य शाळांत हस्तलिखित वार्षिकांची प्रथा रुजली. तिचे आजचे स्वरूप परिचित आहे. निवडक मुलांचे लेख शिक्षक दुरुस्त करतात, सुंदर अक्षराची एखादी मुलगी ते सर्व उतरवून काढते, चित्रकलेचे शिक्षक मुखपृष्ठ रंगवितात आणि वार्षिक स्नेहसंमेलनात पाहुण्यांच्या हस्ते प्रकाशन होते. ज्याचा लेख असतो त्या मुलाचा त्याच्या दुरुस्तीशी संबंध येत नाही. पुनर्लेखन घडते, पण ते लेखकाच्या हातून घडत नाही.

कोल्हापूर येथे १९८५ मध्ये सृजन आनंद विद्यालय सुरू करणाऱ्या लीला पाटील यांनी आपल्या एका पुस्तकाला ‘लिहिणं मुलांचं, शिकवणं शिक्षकांचं’ असे नाव दिले. कामाची नेमकी वाटणी या नावातच आहे. हस्तलिखितांच्या प्रथेने नेमकी तीच मोडली.

बार्बियाना, ॲटकिन्सन आणि एक आक्षेप

इटलीतील बार्बियाना या डोंगराळ खेड्यात लोरेन्झो मिलानी या धर्मगुरूने चालविलेल्या शाळेतील आठ मुलांनी १९६७ मध्ये एका शिक्षिकेला उद्देशून पत्ररूप पुस्तक लिहिले. मराठी वाचकांना ते ‘प्रिय बाई’ या अनुवादाने परिचित आहे. आपल्याकडे या पुस्तकाचा गौरव नापास करणाऱ्या शिक्षणव्यवस्थेवरील आरोपपत्र म्हणून झाला आणि तो रास्तच आहे. परंतु ते कसे लिहिले गेले, याची जी हकिकत मुलांनी त्यातच दिली आहे, तिच्याकडे मराठी शिक्षणविचाराने पुरेसे लक्ष दिले नाही. सुचलेली प्रत्येक गोष्ट वेगळ्या चिठ्ठीवर कागदाच्या एकाच बाजूस लिहावयाची. सर्व चिठ्ठ्या टेबलावर मांडून पुनरुक्ती काढून टाकावयाची. उरलेल्यांचे गठ्ठे करून त्यांतून प्रकरणे व परिच्छेद घडवावयाचे. मग कात्री व डिंक घेऊन क्रम बदलावयाचा. त्यानंतर अनावश्यक शब्द, विशेषणे, लांब वाक्ये शोधून तोडावयाची. शेवटी बाहेरच्या, फारसे न शिकलेल्या माणसांना वाचून दाखवावयाचे आणि त्यांना कळले नाही ते बदलावयाचे. व्याकरणाची धास्ती यात कोठेही आरंभी येत नाही. ही मुले शेतकऱ्यांची व मजुरांची होती आणि प्रमाण इटालियन ही त्यांची घरची भाषा नव्हती, ही बाब देवणीच्या संदर्भात लक्षात ठेवण्यासारखी आहे.

अमेरिकेत डोनाल्ड ग्रेव्हज यांनी न्यू हॅम्पशायरमधील ॲटकिन्सन या गावच्या प्राथमिक शाळेत मुले लिहीत असताना त्यांचे निरीक्षण केले व १९८३ मध्ये त्यावरील ग्रंथ प्रसिद्ध केला. मुलाने विषय स्वतः निवडावा, खर्डा करावा, शिक्षकाशी त्यावर बोलावे, पुन्हा लिहावे आणि शेवटी ते वर्गापुढे प्रकाशित व्हावे, ही रीत त्यातून दूरवर पसरली. शिक्षकाने लाल पेन बाजूस ठेवून मुलाला प्रश्न विचारावेत, हे तिचे सूत्र होते.

या रीतीवरील सर्वांत मर्मग्राही आक्षेप लिसा डेल्पिट या कृष्णवर्णीय शिक्षणतज्ज्ञ स्त्रीने १९८६ व १९८८ मधील लेखांतून घेतला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, सुस्थित घरांतील मुलांना प्रतिष्ठित भाषेचे संकेत घरीच मिळालेले असतात, त्यामुळे शाळेने ते शिकविले नाहीत तरी त्यांचे नुकसान होत नाही. ज्यांना ते घरी मिळत नाहीत त्यांना ‘तुझा आवाज जप’ एवढेच सांगून सोडून देणे म्हणजे सत्तेच्या दारावर उभे करून किल्ली न देणे होय. मराठीतील आनंददायी शिक्षणाच्या पुरस्कर्त्यांनी हा आक्षेप गंभीरपणे घ्यावयास हवा. देवणीच्या मुलाला दहावीची उत्तरपत्रिका प्रमाण मराठीतच लिहावयाची आहे आणि पुढे नोकरीचा अर्जही. त्याची बोली गोड आहे असे सांगून त्याचे गुण वाढत नाहीत.

शेवरी व्याली तेव्हा

डेल्पिट यांचा आक्षेप मान्य करूनही पुनर्लेखनाचा आग्रह सोडण्याचे कारण नाही. उलट, या आक्षेपाचे उत्तर पुनर्लेखनाच्या क्रमातच सापडते. उदाहरणादाखल एका कल्पित मुलाचा पहिला खर्डा घेऊ : ‘आमच्या घरी शेवरी गाय हाय. ती परवा रातच्याला व्याली. लाईट गेलती. बाबा बॅटरी धरून बसले. वासरू उठलालं अन् पडलालं. मग आईनं त्याचं अंग पुसलं. मला शाळेला उशीर झाला.’

प्रचलित रीतीने हा खर्डा तपासला तर ‘हाय’, ‘रातच्याला’, ‘गेलती’, ‘उठलालं’ यांखाली लाल रेघा येतील आणि तळाशी ‘गाईचे उपयोग लिहा’ असा शेरा मिळेल. पुढच्या खेपेस मुलगा शहाणा होऊन मार्गदर्शिकेतील गाय लिहील.

दुसरी रीत प्रश्नांची आहे. वासरू किती वेळ उठत नव्हते? तेवढ्यात घरातले काय बोलत होते? कोणाला भीती वाटत होती? उशीर झाल्याचे वाक्य शेवटी का आले? या शेवटच्या प्रश्नाने कदाचित मुलाच्या लक्षात येईल की, तेच वाक्य आरंभी आणले तर ऐकणारा ‘का?’ असे विचारील आणि बाकीचे सगळे त्याचे उत्तर होईल. ज्या क्षणी मूल एक वाक्य उचलून दुसरीकडे ठेवते, त्या क्षणी ते लेखक म्हणून वागते. या टप्प्यावर ‘हाय’ आणि ‘आहे’ यांचा प्रश्न उपस्थित करणे घाईचे ठरते, कारण मूल त्या एका शब्दाच्या चिंतेने संपूर्ण वाक्यच सोडून देते.

तिसऱ्या लेखनात मात्र तो प्रश्न यावा आणि स्पष्टपणे यावा. ‘उठलालं अन् पडलालं’ याला प्रमाण भाषेत काय म्हणतात? ‘उठत होते आणि पडत होते’ असे लिहिल्यावर अर्थ तोच राहिला का? बाबांचे बोलणे अवतरणचिन्हांत जसेच्या तसे ठेवता येते, ही सोयही येथेच शिकविता येते. ‘करलालो’, ‘जालालो’ या लातूरकडील रूपांना स्वतःचा नियम आहे आणि प्रमाण रूपांना दुसरा, हे शेजारी शेजारी ठेवून दाखविले तर मुलाला दोन्ही नियम कळतात. लाल रेघेने एकही कळत नाही. ‘शेवरी’ हा शब्द मात्र तिन्ही खर्ड्यांत तसाच राहावा. तो अशुद्ध नाही. तो पशुपैदाशीतील नेमका शब्द आहे आणि ‘ठिपक्यांची गाय’ असा त्याचा अनुवाद केल्यास ज्ञान कमी होते.

लातूर तालुक्यातील धनेगावच्या लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’ या आत्मकथनाला १९८८ मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. या भागातील बोलीचा ठसा घेऊन आलेले हे पुस्तक आज विद्यापीठांत अभ्यासले जाते. महाविद्यालयातील प्राध्यापक त्यातील बोलीचे सौंदर्य विशद करतात आणि त्याच गावातील शाळेत तीच बोली लिहिणाऱ्या मुलाचे गुण कापले जातात. या विसंगतीची चर्चा मराठी विभागांच्या चर्चासत्रांत अभावानेच होते.

वेळ, परिपाठ आणि नोंदवह्या

या विचारावर सर्वांत प्रामाणिक हरकत वेळेची आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत एकाच शिक्षकाकडे दोन-तीन वर्ग असतात, शिवाय पोषण आहार, माहिती भरणे व सर्वेक्षणे. प्रत्येक मुलाचे तीन-तीन खर्डे कोणी वाचावयाचे? याचे उत्तर सर्व लेखन तपासले पाहिजे हा आग्रह सोडण्यात आहे. सत्रात एकच लेख तीन वेळा लिहिला जावा. उरलेले लेखन न तपासता राहिले तरी चालेल. मुलांनी जोडीने एकमेकांचे वाचावे आणि न कळलेल्या जागी साधे प्रश्नचिन्ह करावे.

वाचक मिळविण्यासाठीही नवी यंत्रणा लागत नाही. प्रत्येक शाळेत रोज परिपाठ होतो. त्यात सुविचार, बातम्या व बोधकथा वाचल्या जातात आणि त्या तिन्ही कोठून तरी उतरवलेल्या असतात. बोधकथेच्या जागी आठवड्यातून दोन दिवस एखाद्या मुलाचा दुसरा खर्डा वाचला गेला, तर ऐकणाऱ्यांची चुळबुळ कोणत्या वाक्यापाशी सुरू झाली हे लिहिणाऱ्याला तत्काळ कळेल. बार्बियानाच्या मुलांनी वापरलेली कसोटी हीच होती.

मूल्यमापनाच्या बाजूने वाट काही काळ मोकळी झाली होती. महाराष्ट्रात २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन लागू झाले आणि मुलाच्या प्रगतीविषयी वर्णनात्मक नोंदी ठेवणे शिक्षकाकडून अपेक्षित झाले. पहिल्या व तिसऱ्या खर्ड्यांतील अंतर हा अशा नोंदीचा सर्वोत्तम विषय ठरला असता. प्रत्यक्षात तयार नोंदींच्या याद्या बाजारात व नंतर भ्रमणध्वनीवर फिरू लागल्या. ‘स्वतःच्या शब्दांत अनुभव लिहितो’ हे वाक्य असंख्य मुलांच्या नावापुढे एकाच शब्दांत उतरविले गेले. मुलाच्या मार्गदर्शिकेला शिक्षकाची मार्गदर्शिका येऊन मिळाली. पुढे २०२३ मध्ये राज्याने पाचवी व आठवीसाठी वार्षिक परीक्षा पुन्हा लागू केली.

याचा दोष एकट्या शिक्षकावर टाकता येत नाही. अध्यापक विद्यालयात त्याने जे पाठटाचण लिहिले तेही दोन रंगांच्या शाईत, समास आखून, आधीच्या वर्षीच्या वहीवरून. प्रशिक्षणाच्या काळात त्याने स्वतःचा असा एक तरी मजकूर तीनदा लिहिला, मोडला आणि सहकाऱ्यांना वाचून दाखविला, असे क्वचितच घडते. पाठटाचणाची ती वहीही पक्कीच असते. तपासनीस तिच्या प्रत्येक पानावर दिनांकासह सही करतात.